तिसऱ्या खांबाची तार

बाबा, तुमच्या त्या इंग्लंडमधल्या मैदानाचे दिवे लागले होते. आज दुपारी कळलं आणि मस्कतमधल्या अल खौदच्या आमच्या घरात मी आधी हसले, मग ढसाढसा रडले.

अजून डोळ्यांसमोर आहे, अल घुब्राच्या आपल्या जुन्या घरी किचनमध्ये आई बांगडे तळतेय आणि तुम्ही बनियनवर स्टुलावर बसून, साईटवरच्या इंग्रज फोरमनकडून ऐकलेलं सांगताय. त्याच्या गावच्या छोट्याशा फुटबॉल क्लबचं मैदान. आधी तिथं गुरं चरायची. मग गिरणीकामगारांनी सुट्टीच्या दिवशी खपून लाकडी स्टँड उभारला, वादळात पडला तेव्हा पुन्हा बांधला. पुढे रेल्वे यार्डातले जुने खांब आणून दिवे लावले. फुटबॉलमधलं तुम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, पण ते मैदान आपल्या गावच्या देवळामागेच असल्यासारखं तुम्ही बोलायचात.

ते दिवे मॅचच्या मध्येच जायचे. नीट झाले नाहीत तर क्लबला ते मैदान सोडावं लागणार होतं. फोरमनने फोटो दाखवले आणि तुम्ही, कंपनीतले साधे इलेक्ट्रिशियन, आठवडाभर डोकं लावून नवीन वायरिंगचं ड्रॉइंग काढलंत. मग मला हाक मारलीत, "गो चेडवा, तुजा अक्षर बरा आसा. ह्या जरा फेअर करून दी. यल्ला, बेगीन!" मी आठवीत होते. ऐटीत करून दिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत गणिताच्या तासाला एकदम लक्षात आलं, तिसऱ्या खांबाची तार मी चौथ्या खांबाला जोडलीय. घरी धावत आले तर ड्रॉइंगचं पाकीट गेलेलं. तेव्हा सुट्टीवर जाणाऱ्याच्या हातीच सगळं पाठवायचो आपण, आणि फोरमनचं विमान त्याच दुपारी होतं. तुम्हाला काही न सांगता मी गृहपाठाला बसले.

तो फोरमन परत आलाच नाही, त्याचं काँट्रॅक्ट संपलं. तुम्ही म्हणायचात, "लागले असतले दिवे, इन्शाल्ला." तुमची विद्या माझ्यामुळे खोटी ठरली, मैदान माझ्यामुळे गेलं, असं वाटायचं. तुम्ही गेलात तेव्हाही सांगितलं नाही. क्लबचं नाव पाठ होतं, पण शोधायची छाती झाली नाही.

आज तुमच्या नातवाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी एखाद्या स्टेडियमचा इतिहास हवा होता. माझ्या तोंडून ते नाव निघून गेलं. त्याने लॅपटॉपवर काढलं. गुरं, गिरणीकामगार, स्टँड, सगळं तुम्ही सांगायचात तस्संच. आणि एका फोटोत, क्लबहाउसच्या भिंतीवर फ्रेममध्ये माझ्या अक्षरातलं ते ड्रॉइंग! खाली लिहिलंय, मस्कतच्या एका इलेक्ट्रिशियनमुळे हे मैदान वाचलं. तिसऱ्या खांबापाशी लाल पेन्सिलची फुली, आणि शेजारी तुमच्या हाताने नीट काढलेली तार.

कुठलंही काम दोनदा तपासल्याशिवाय तुम्ही हातावेगळं करत नव्हतात, हे मला कसं आठवलं नाही? पाकीट देण्याआधी सकाळीच बघितलं असणार तुम्ही. आणि एका शब्दाने बोलला नाहीत. बोलायला हवं होतं हो बाबा. एकदा ओरडला असतात तर मी इतकी वर्षं शांत झोपले असते.

हे पत्र कोणाच्या हाती देऊ? वहीतच राहील. पण एक सांगते. लेकाने विचारलं, "आई, हे रेडने आजोबांनी कोणाचं मिस्टेक करेक्ट केलं?"

मी म्हटलं, "असेल कोणाचं तरी."