मिरियमबाईंसाठी सुरी

२ फेब्रुवारी १९५८, रविवार
काल सिनेगॉगच्या ओट्यावर समोरच्या घरातल्या मिरियमबाई आपल्या भावाला, डेव्हिडला सांगत होत्या, घरातली एक सुरी धड कापत नाही. सांगत डेव्हिडला होत्या, पण रोख माझ्याकडे होता. मी तीन हातांच्या अंतरावर उभा होतो.
बाई विधवा, मी विधुर. दोघांच्या दारांत अकरा पावलं. मोजली आहेत.
संकल्प: सुरी स्वतः करायची, बाजारातली नको. एकोणतीस वर्षं रेल्वे वर्कशॉपात बसून इंजिनाच्या भागांची ड्रॉइंग्ज काढली, त्यापुढे सुरी म्हणजे काय. मुदत पंधरा दिवस. सुरी हातात देताना विचारायचं. काय विचारायचं ते लिहीत नाही, कोणी वही वाचली तर पंचाईत. (कोण वाचणार? घरात मी एकटा.)

५ फेब्रुवारी
मोटारीच्या स्प्रिंगचा पाटा मिळाला. चाकं करणाऱ्या सुतारांच्या पलीकडे काशीराम लोहाराची भट्टी आहे, तिथे नेला. त्याने ठोकून तीन पाती काढून दिली. आकार माझा, हात त्याचा. म्हणजे सुरी माझीच.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८
आज पात्याला पाणी देणार. इंग्रजी पुस्तकात मिनिटंसुद्धा दिली आहेत. घरामागे विटांची भट्टी रचली. घड्याळ लावून बरोबर बारा मिनिटं तापवलं, माठातल्या पाण्यात बुडवलं. चर्र आवाज छान आला.

संध्याकाळी
पातं केळ्यासारखं वाकलं. काशीरामला दाखवलं. तो म्हणाला, घड्याळ काय बगता, लोखंडाचा रंग बगा. ह्या पोलादाला पानी नको, तेल पायजे. मंग परत मंद आचेवर धरायचं, वाळल्या गवताचा पिवळा रंग येस्तवर. नायतर काचेवानी तुटंल.
आधी कडक करायचं आणि मग पुन्हा नरम? मग कडक केलं कशाला? पण अडाण्याशी वाद घालत बसलो नाही.

१४ फेब्रुवारी
डेव्हिड आला होता. इस्रायलला जायचे फॉर्म मुंबईहून आणतोय, इसाजीभाऊ, तुमच्यासाठी एक आणू का, म्हणाला. मी म्हटलं, हातातली सुरी होऊ दे, मग बघू. याला फॉर्म भरायची हौसच आहे. मागे विम्याचे आणले होते.
म्हणजे डेव्हिड जाणार. बाई एकट्या पडणार. वाईट वाटलं. फार नाही.

१८ फेब्रुवारी
मुठीचा प्रश्न. सुतारांकडे बाभळीचा तुकडा फुकट मिळतो, घट्ट असतो, पण बाईंच्या हातात बैलगाडीचं लाकूड कसं देणार? शिसवी देखणं. सांबरशिंग त्याहून देखणं, ओल्या हातातून सटकत नाही. पातं भाजीला लागणार, मूठ मात्र बाईंच्या हातात राहणार. घाई उपयोगाची नाही.
बाई बाजारात सुरमई घेत होत्या तेव्हा तळहाताचं माप नजरेने घेतलं. साडेतीन इंच. कोळीण म्हणाली, तुमाला काय पायजे ते सांगा, नायतर फुडं सरका.

२३ फेब्रुवारी, रविवार
दुसरं पातं. तडा गेला. पोलादातच दोष असणार.
दुपारी बाईंकडून पितळी हंडा आणि पाटा-वरवंटा आला. निरोप असा की आम्हाला आता काय करायचाय, तुमच्याकडे असू द्या. बायकांची रीत शहाणपणाची, आधी सामान, मग माणूस. हंडा खिडकीत ठेवला, समोरून दिसेल असा. रात्री जेवण बरं गेलं.

१ मार्च, शनिवार
शब्बाथ. भट्टी बंद. नुसता मुठीचा विचार केला, विचाराला बंदी नाही.
बाई ओट्यावर स्वेटर विणतात. पनवेलच्या मार्च महिन्यात! माप पुरुषी आहे. माझी छाती अडतीस.

४ मार्च
डेव्हिड पुन्हा फॉर्म घेऊन. शेवटची तारीख जवळ आलीय म्हणाला, घरात विचारताहेत तुमचं काय ते. मी म्हटलं, घरात सांग, सुरी होऊ दे.  त्याने फॉर्म घडी करून खिशात घातला.

९ मार्च
तिसरं पातं. तेलात बुडवलं. सरळ निघालं. कानस वरून घसरते, इतकं कडक. काशीरामचा गवती रंग वगळला, आता वेळ नाही.
मूठ सांबरशिंगाची ठरली.
संध्याकाळी: शिसवी.

१६ मार्च
बाईंकडून आमंत्रण. पुढच्या रविवारी घरी मलिदा. आपल्यात मलिदा उगीच होत नाही. गोड पोह्यांचं ताट मांडून प्रेषित एलियाहू हन्नाबीला हाक घालायची ती साखरपुड्याला, नव्या घराला, नवस फेडायला. घर जुनंच आहे. नवस ऐकिवात नाही. राहिलं काय? आणखीही एका कारणाने करतात, पण ते डेव्हिडपुरतं.
कोट इस्त्रीला टाकला. मूठ बसवली. सांबरशिंगच.

२३ मार्च, रविवार
ताट सुरेख मांडलं होतं. पोहे, खजूर, केळी, गुलाबाच्या पाकळ्या. खोबऱ्याचे काप व्हायचे होते. मी खिशातून सुरी काढून सगळ्यांसमोर बाईंना दिली. मूठ सर्वांना आवडली. बाई म्हणाल्या, हातात किती छान बसते.
दुसऱ्या कापाला पातं मधोमध तुटलं. अर्धं खोबऱ्यात राहिलं. बाईंना लागलं नाही. कोणी हसलंही नाही, ते जास्त वाईट.
मग सिनेगॉगच्या हजानसाहेबांनी प्रवासाला निघणाऱ्यांसाठी प्रार्थना म्हटली. नावं दोन घेतली. डेव्हिड, मिरियम. शेवटी सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो.

२४ मार्च
नीट विचार केला. तिकडची थंडी बाईंना मानवणार नाही. सहा महिन्यांत परत येतील. तोवर दुसरी सुरी.

३० मार्च, रविवार
एस.टी. स्टँडवर पोहोचवायला गेलो. एक ट्रंक मी उचलली. डेव्हिड तिकिटं काढायला गेला तेव्हा बाई म्हणाल्या, तुमचा फॉर्म मी डेव्हिडकडून मागवला होता. दोन्ही वेळा मीच पाठवलं त्याला. स्वतः येऊन विचारणं बरं दिसलं नसतं. तुम्ही दोन्ही वेळा सुरीचंच सांगितलंत, मग मी समजले.
काय समजलात, असं विचारायला हवं होतं. मी म्हणालो, खिडकीजवळ बसा, घाटात वारा लागेल. मुंबईची गाडी ठाण्यावरून जाते, त्या वाटेवर घाट नाही.
मला त्यांच्याबरोबर जायचं होतं. इस्रायललाच असं नाही, कुठेही.
गाडी सव्वानऊला सुटली. मी बाकावर बसलो. पुण्याची गाडी आली, गेली. उरणची आली, गेली. दुपारी एका कंडक्टरने विचारलं, काका, सकाळपासून बसलाय, तुमची गाडी कुठली? मी म्हणालो, गेली.