शिंजिरासाठी धायटी

६ जुलै २०२४, शनिवार
कुळगावच्या बाजारात रानभाज्या विकणाऱ्या माईंकडून धायटीचं रोप आणलं. दोन वर्षांचं, कमरेएवढं. आपल्याच डोंगरातलं झुडूप. थंडी सरता सरता लाल फुलं येतात, मध प्यायला शिंजीर येतात. चिमणीहून लहान, चकचकीत पक्षी. पुण्याच्या नातीला, इराला, फोनवर शब्द देऊन टाकला: फेब्रुवारीत ये, अंगणात पक्षी दाखवतो. माई म्हणाल्या, खडकातलं झाड हाय, लय लाड करू नका. मी अंबरनाथच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलंय. मान डोलावली, इतकंच.

७ जुलै
फाटकावर पाटी लावली: ‘वन्यजीवांचे स्वागत आहे.’

२१ जुलै
शेणखत, निंबोळी पेंड, वर युरिया. शिवाय रोज दोन बादल्या पाणी. पाऊस आहे, पण पावसावर किती विसंबणार?

१८ ऑगस्ट
पानं पिवळी. रिजेक्शन पीस दिला त्या भाजीवाल्या बाईने.

२५ ऑगस्ट
दुपारी डोळा लागला होता तेवढ्यात बायकोने, वृंदाने, धायटी उपटून कुंपणाजवळच्या मुरुमात लावली. म्हणाली, मुळं कुजत होती. माझ्याही मनात तेच होतं. फक्त तारीख ठरायची होती.

१० नोव्हेंबर
धायटी तगली. पण शेजारच्या लिंबावर अळ्या. इकडे पसरू नयेत म्हणून औषध मारलं. रिझल्ट शंभर टक्के. वृंदा म्हणाली, त्या फुलपाखरांच्या होत्या. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

२६ जानेवारी २०२५
कळ्या. फांदीभर, लालबुंद. जुलैमधल्या युरियाचा परिणाम, थोडा उशिरा. इराला फोन केला. तिने वही आणलीय म्हणे, पक्ष्यांची नावं लिहायला.

५ फेब्रुवारी
बुलबुल. तीन. फुलं ओरबाडून खाली टाकतात. एकोणीस पडली. ताट वाजवून हाकलले. वृंदा विचारते, पक्ष्यांसाठीच लावलंय ना झाड? म्हटलं, बुलबुल सिलॅबसमध्ये नाहीत. इरा येईपर्यंत बहर टिकायला हवा.

९ फेब्रुवारी
उल्हासनगरहून नायलॉनची जाळी आणली. सिंधी दुकानदार म्हणाला, साईं, चिडिया का बाप भी नहीं घुसेगा. चारी बाजूंनी आवळून बांधली. आता निवांत.

१५ फेब्रुवारी
इरा आली. एकही फूल कमी नाही. उद्या सकाळी सातला जाळी काढायची, मग पक्षी दाखवायचे. वेळापत्रक फ्रिजवर लावलं.

१६ फेब्रुवारी, सकाळी ९
इरा माझ्याआधी उठली होती. तिने हाक मारली तेव्हा साडेसहा.
शिंजीर आला होता. मान आणि एक पंख जाळीत. आधी फडफडत होता, मी पोहोचेपर्यंत तेही थांबलं. मी गाठ सोडायला गेलो. गाठ मीच मारलेली, सुटेना. वृंदाने भरतकामाची कात्री आणली, पक्षी रुमालात धरला आणि एकेक धागा कापत गेली. बराच वेळ लागला.
सुटल्यावर तो इराच्या ओंजळीत पडून राहिला. डोळे मिटलेले. मग एकदम उठला आणि भिंतीपलीकडे गेला.
इराने विचारलं, आजोबा, फुलं कोणासाठी झाकून ठेवली होती? म्हटलं, तुझ्यासाठी. ती म्हणाली, मी कुठे मध पिते?

संध्याकाळी ६
जाळी काढली. ओढताना निम्मी फुलं गळली. उरलेल्यांवर चार बुलबुल बसलेत. हाकलले नाहीत. खिडकीतून बघतोय.
इरा वही घेऊन पायरीवर बसली आहे. आत्ताच वृंदाला हळूच सांगत होती, आज्जी, आजोबांना बाहेर येऊ देऊ नकोस.