चिकाचा गडवा

१२ नोव्हेंबर
बाबांना सौंसरला माझ्याकडे आणून महिना झाला. आतड्याचा कॅन्सर. तीन किमो झाल्या, चौथी २१ला, नागपूर. घास उतरत नाही. त्यांची चिडचिड, त्याहून जास्त माझी. आज नववीच्या वर्गावर उगाच खेकसले.

१३ नोव्हें.
दुधावरचा एक लेख सापडला. लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन, चिकात सगळ्यात जास्त. कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतं म्हणे, फार तापवलं तर गुण जातो. मोठ्यानं वाचून दाखवला. पांढुर्ण्यात चाळीस वर्षं घरोघरी दूध घातलेला माणूस, उठूनच बसला. "पाह्य! मी काय विकून राहिलो होतो!" किती दिवसांनी हसले. म्हणून शेवटचा परिच्छेद वाचलाच नाही. काय बिघडतं, म्हटलं.

१६ नोव्हें.
बिघडलं. आता म्हणतात, "दुधातच औषध हाय त नागपूरले कायले जाचं?" समजावलं. बाबा भांडले. "तूच त वाचली!" शाळेत विज्ञान शिकवते मी. घरी हे दिवे लावले.

१८ नोव्हें.
शाळेतून आले तर ओट्यावर शेजारच्या रेखाकाकूंचा गडवा, पितळेचा तांब्या, आत मूठभर गहू. त्यांची म्हैस परवाच व्यायली. चिकाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा बाबांचा शिरस्ता. चोरून पितानाही तो मोडवला नाही, म्हणून सापडले.
"किती वेळा?"
"तीनदा. कच्चाच. तापवला का गुण जाते."
किमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या कमी, साधा जंतूही झेपायचा नाही, आणि कच्चा चीक! मी खूप ओरडले. मग मोरीत जाऊन रडले. गुण जातो, हेही मीच वाचलेलं.

१९ नोव्हें.
सकाळपासून ताप. १०२. नागपूरच्या डॉक्टरांना फोन. बाहेरचं काही पोटात गेलं का, विचारलं. बाबा माझ्याकडे बघत होते. सगळं सांगितलं, माझं वाचणंसुद्धा. "आत्ताच्या आत्ता आणा." काकूंचा मुलगा गाडी घेऊन आला. बाबा मुकाट बसले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

२० नोव्हें., नागपूर
दुपारी बाबा म्हणाले, "त्या लेखात पुढं काय होतं? वाच."
म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं, मी मध्येच थांबले ते.
वाचलं. हे सगळं काचेच्या बशीतल्या पेशींवर, प्राण्यांवर दिसलेलं. माणसाचा कॅन्सर त्यानं बरा होतो असं अजून सिद्ध नाही. उपचार थांबवू नयेत.
बाबा उशीवर जरा वर सरकले.
"म्हंजे दूध खोटं नाही बोललं."
"नाही बाबा."
"मंग कोन बोललं?"
"मी."
त्यांनी हात पुढे केला. हातात घेतला, तर तापाचा अजून चटका बसतोय.
किमो पुढे गेली. किती, ते उद्या रक्ताचा रिपोर्ट आल्यावर. गडवा मात्र ओट्यावरच राहिला, गव्हासकट.