मखरासाठी लाल-लाल-लाल

११ ऑगस्ट १९९१, रविवार
विष्णुपंतदादा अखेर कबूल झाले. यंदा घरचा गणपती अंबरनाथला त्यांच्याकडे न बसता आमच्याकडे, हेंद्रेपाड्यात. अट एकच: मखर घरी केलेलं आणि बघण्यासारखं हवं. नाहीतर गणपती पुन्हा अंबरनाथला, कायमचा. आईचे डोळे भरून आले. धाकट्याच्या घरी एकदा तरी गणपती बसावा, असं ती दहा वर्षं म्हणतेय.
आमची सौ. सुनेत्रा म्हणाली, साड्यांचे पडदे लावू. हसलो. थर्माकोलचं मखर! तेही ब्लेडने खरवडून नाही, तापलेल्या तारेने कापून. कटर मी स्वतः बनवणार. कंपनीत स्टोअर्सला चौदा वर्षं काढलीत. रेझिस्टर मला कोणी शिकवू नये.

१५ ऑगस्ट
सुट्टी. तारेचा प्रश्न सुटला. इस्त्रीतली काढली. सुनेत्रा म्हणते इस्त्री चालू होती. होती, पण जुनी होती. (गेल्या दिवाळीची.) बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आमच्या कंपनीतल्या मधु इलेक्ट्रिशियनने दिला. आता फक्त तार तापवायला रेझिस्टर. म्हणजे झालंच.

१८ ऑगस्ट, रविवार
उल्हासनगर. चंदरशेठचं दुकान. त्याने विचारलं, किती अँपियर? मी म्हटलं, गणपतीचं मखर आहे. त्याने पांढरा, खडूच्या तुकड्यासारखा जाडा रेझिस्टर पुढे केला. दहा ओहम, दहा वॉट. नाकारला. एवढ्या अवजड वस्तूत नजाकत नसते.
बारीक, रंगीत पट्ट्यांचे दाखव म्हटलं. पण निघताना आईने बजावलं होतं, देवाच्या कामात काळं काही आणू नकोस. आणि बघतो तर दहा ओहमला काळा पट्टा, शंभरलाही काळा पट्टा. शेवटी तिन्ही पट्टे लाल असलेला सापडला, लाल-लाल-लाल, बावीसशे ओहमचा. कुंकवासारखा. दोन डझन घेतले. चंदरशेठ म्हणाला, "साईं, इससे तो चींटी भी गरम नहीं होगी."
धंदेवाल्यांना श्रद्धा कळत नाही.

२५ ऑगस्ट, रविवार
चाचणी. तार गार. सुनेत्राने बोट लावून पाहिलं, म्हणाली, माठासारखी आहे. मी सांगितलं, स्थिर होतेय. तासभर ठेवली. झाली स्थिर.
संध्याकाळी चोवीसही रेझिस्टर एकापुढे एक जोडले. एकीचं बळ. तार आणखी गार वाटली. हा भास असणार.

२७ ऑगस्ट
कामावरून आलो तर तारेवर माझे दोन रुमाल वाळत होते. घडी करून कपाटात ठेवले. आपण मोठेपणा दाखवायचा.

१ सप्टेंबर, रविवार
मधु येऊन गेला. म्हणाला, रेझिस्टर वीज अडवतो, ढकलत नाही. चोवीस जोडले म्हणजे चोवीस वॉचमन उभे केले. हे मला माहीत होतंच, फक्त मुद्दा त्याने मांडला. एक ओहम लाव म्हणाला, पण जाडा.
एक ओहम म्हणजे तपकिरी-काळा-सोनेरी. पुन्हा काळा! आईपुढे पेच ठेवला. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "अरे, सोनं असलं की काळं चालतं. मंगळसूत्रात काळे मणी नसतात होय?"
दोन आठवडे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाली, तू विचारलंस कुठे?

८ सप्टेंबर, रविवार
एक ओहमचे डझनभर आणले. बारीकच. (जाडे दिसायला बरे नाहीत.) पहिला लावला, फट् झाला. धूर आला, म्हणजे वीज पोहोचली. प्रगती. असे नऊ गेले. दहावा जळत उडून थर्माकोलवर पडला, आरपार भोक. जाळीचं डिझाइन म्हणून ठेवलं.
सुनेत्राने पुन्हा पडद्यांचा विषय काढला. मी जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

११ सप्टेंबर, बुधवार
धाडसी निर्णय. रेझिस्टरच नको, तार थेट जोडली. लालबुंद झाली! दोन इंच लोण्यासारखं कापलं. मग तार लोंबली, तुटली, आमचा आणि खालच्या मजल्याचा फ्यूज उडाला.
नेमके तेव्हाच दादा आले. मेणबत्ती धरून माझं काम पाहिलं. शांतपणे म्हणाले, "बाळ, उद्या आठला मूर्ती घेऊन येतो. मखर दिसलं तर उतरतो, नाहीतर तीच रिक्षा अंबरनाथला."
मला रडूच आलं. आत जाऊन पडलो. जळका वास जावा म्हणून आईने अगरबत्ती लावलेली दिसली. बाहेर दोघी काहीतरी कुजबुजत होत्या.

१२ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
सकाळी उठलो तर मखर उभं! कमान, दोन मोर, वर कमळ. कडा अशा गुळगुळीत की हात फिरवत राहावं. काल अंधारात अगरबत्तीचं टोक चुकून थर्माकोलला लागलं आणि आत सरकत गेलं. मग काय, सुनेत्रा कापत गेली, आई धरत गेली. मोगरा अगरबत्तीचे तीन पुडे संपले. तत्त्व माझंच आहे. उष्णता.
आठला रिक्षा आली. दादा दारातच थांबले, बघत राहिले, मग चपला काढल्या. मूर्ती बसली. आई पदराने डोळे पुसत होती. हे कापलं कशाने, दादांनी विचारलं. मी सर्किट समजावायला पुढे झालो. तेवढ्यात आईने अगरबत्ती दाखवली.
दादा सुनेत्राला म्हणाले, "आता दरवर्षी इथेच."
मग माझ्याकडे वळले. वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"बाळ, आज सणाच्या दिवशी तरी शर्टाला इस्त्री करायचीस."