ओळीपुढचं नाव

मंगळवार, चिखली

ह्यांनी कंपनीत सॉफ्टवेअर तपासायला ज्या चाचण्या लिहिल्या होत्या, त्या ह्यांच्या माघारी आमच्या नेहाकडे आल्यात. लेक त्याच कंपनीत आहे. चाचण्या ज्या तयार प्रोग्रॅमवर चालतात, ती लायब्ररी नव्या व्हर्जनवर न्यायची, तर जुन्या ओळी बदलाव्या लागतात. ओळ शेवटी ज्यानं लिहिली, त्याचं नाव स्क्रीनवर तिच्यापुढं दिसतं; ओळ बदलली की ह्यांचं नाव जातं आणि नेहाचं येतं. म्हणून पोरगी शेवटच्या फाइलवर अडून बसलीय.

आज तिचा वरिष्ठ फोनवर म्हणाला, "मॅडम, एकच फाइल उरलीय. मुहूर्त काढायचाय का?"

फोन ठेवून ती माझ्याकडे बघत बसली. "आई, काय करू?"

स्क्रीनवरचं ह्यांचं इंग्रजी नाव मी अक्षरं जुळवत वाचलं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तरी लेखकाचं नाव राहतं. इथंच का जावं?

"बदल," मी म्हणाले. "बंद पडलेलं काम त्यांना खपायचं नाही." फार पटकन बोलले का?

"जुन्या नोंदीत बाबांचं नाव राहील गं. कुणी शोधलं तर."

कोण शोधणार?

तिनं बदलायला घेतलं. मी शेजारी बसून उरलेल्या ओळींपुढचं नाव वाचत राहिले, ते संपेपर्यंत.