पान ८१ ते ९६

२ जानेवारी, सकाळी ६.३०
नवीन वर्ष, नवीन डायरी. खताच्या दुकानातून फुकट मिळाली, पण कागद उत्तम आहे.
संकल्प: (१) मार्चपर्यंत कादंबरी छापून हातात. (२) रोज फिरायला जाणे. (३) डायरी शुद्ध मराठीत लिहिणे, कारण लेखकाच्या डायऱ्या पुढे छापल्या जातात.
कादंबरी लिहून पूर्ण आहे. 'बैहर घाटातली अंजू'. एकशे साठ पानं. रेंजर विवेक आणि मास्तरीण अंजू यांचं प्रेम. बालाघाट-किरनापूर रोजचं अप-डाउन, बसमध्येच तीन वर्षांत लिहिली. म्हणून अक्षर जागोजागी हललं आहे.

३ जानेवारी
फिरायला गेलो नाही. धुकं.
शुद्ध भाषेत मन मोकळं होऊन नाही राह्यलं. संकल्प तीन रद्द.

५ जानेवारी, रविवार
साधनाले सांगितलं, कादंबरी छापतो. म्हणे, बरं. म्हणे, येताना मेथी आणा.
लग्नाले चोवीस वर्षं झाली. ही महाराष्ट्रातल्या आमगावची, मराठी शाळेतली. मी इकडं मध्य प्रदेशातल्या हिंदी शाळेतला. मराठी लिहायले शिकलो ते हिच्यासाठीच, पण हे तिले सांगते कोण? साऱ्या दुनियेनं नाही वाचली तरी चालते, साधनानं शेवटपर्यंत वाचावी अन् म्हणावं, अहो, तुमच्या मनात हे सारं होतं? बस, इतकंच पाहिजे.
(वरचं वाक्य खोडणे. लेखक दुनियेसाठी लिहिते.)

१४ जानेवारी, संक्रांत
पुण्याच्या प्रकाशकाचं उत्तर आलं. एकच ओळ. सध्या आम्ही नवीन लेखकांच्या कादंबऱ्या घेत नाही. तीनदा वाचलं. 'सध्या' म्हणजे पुढे घेतील. 'नवीन' म्हणजे जुना झालो का घेतील. एकंदरीत होकारच समजायचा. तोपर्यंत आपणच छापू.
ऑफिसात बाजूच्या टेबलावरचा प्रेमलाल म्हणे, भाऊ, हिंदीत लिहिली असती तर मी वाचली असती. याले हिंदी पेपरसुद्धा मीच वाचून दाखवतो.

२७ जानेवारी
धर्मेंद्रचा प्रेस फिक्स. तो लग्नपत्रिका छापते, पण म्हणे, कागद तोच, शाई तीच. पटलं. सोळा पानांचा एक फर्मा राह्यते, असे दहा फर्मे शिवले का पुस्तक. आता मले प्रिंटिंग लाइनचीबी माहिती झाली.
बाजूलेच आपल्या समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका छापणं सुरू होतं. साइज सारखीच. धर्मेंद्र म्हणे, दोन्ही सोबतच काढून देतो, नाहीतरी दोन्ही लग्नाचंच काम आहे. अन् हसला. मी नाही हसलो. माझं साहित्य आहे.

१० फेब्रुवारी
प्रूफ आले. समीक्षाले तपासायले दिले. पोरगी बीएस्सी फायनलले आहे. म्हणे पप्पा, मले मराठी वाचायले टाइम लागते, अन् माझी परीक्षा आहे. मग मीच बसलो. पान १२ पर्यंत तपासलं. चूक भेटून नाही राह्यली, म्हटलं पुढं काहून डोळे फोडायचे? सही करून परत दिलं.
खरा जीव आहे तो पान ८१ ते ९६ मध्ये. विवेक घाटात जीप थांबवते अन् अंजूले मनातलं सारं सांगते. सोळा पानं सलग. तीन वर्षांतलं एक वर्ष त्याच्यातच गेलं. ती पानं जिनं वाचली ती तर... जाऊ दे.

९ मार्च, रविवार
पुस्तक आलं! दोनशे प्रती! कव्हरवर गुलाब. गुलाबाच्या वर गणपती राहून गेला. धर्मेंद्र म्हणे, आमच्या मशीनवर तो येतेच. शुभच झालं. मागच्या कव्हरवर माझा फोटो अन् मोबाईल नंबर.
उघडून नाही पाह्यलं. नुसता वास घेतला. आपलं लेकरू कोणी उलटंपालटं करून तपासते का?
पहिली प्रत साधनाले. तिनं पदराले हात पुसले, पुस्तक घेतलं, गणपतीले नमस्कार केला अन् फ्रिजवर ठेवून दिलं.

१२ मार्च
प्रती वाटल्या. किरनापूर, तिरोडी, लांजी, जिथं जिथं आपला माणूस आहे तिथं. प्रेमलाल म्हणे, मस्त जमली. कोणतं पान आवडलं विचारलं. म्हणे, सारीच.

१९ मार्च, सकाळी ७.१०
फोन! तिरोडीहून कोणी वसंताभाऊ. खदानीत नोकरीले आहे. ना ओळख, ना पाळख. म्हणे, तुमच्या पुस्तकातली ८४ नंबर पानावरची पोरगी आम्हाले लय आवडली. घरी साऱ्यांनी वाचलं, म्हातारीनंबी. माझ्या अंगावर काटा आला. म्हणे, उंची पाच-चार खरीच आहे ना? मले आठवे ना, कुठं लिहिली होती. म्हटलं, हौ, खरीच. लेखक लिहून मोकळा होते, वाचकाच्या ध्यानात राह्यते.
आनंदात फिरायले जायचं राहिलं.

२१ मार्च
एका दिवसात चार फोन! किरनापूरच्या शेवंताबाई म्हणे, ९१ पानावरचा पोरगा पीत-बीत तर नाही ना? म्हटलं, बाई, विवेक निर्व्यसनी आहे, चहाबी घेत नाही. म्हणे, शेती किती आहे? मी चाटच पडलो. पात्रात जीव किती गुंतावा! म्हटलं, शेतीचं काय घेऊन बसल्या, सरकारी नोकरी आहे. बाई खुश झाल्या. म्हणे, पोरगी दाखवायले कधी आणू? हसत हसत फोन ठेवला.
सारे फोन ८१ ते ९६ याच पानांवर. म्हटलं होतं ना मी!

२२ मार्च
पुस्तक फ्रिजवर नाही. विचारणार नाही. लेखकानं विचारायचं नसते.

२३ मार्च
विचारलं. म्हणे, वाचून राह्यली, घाई नका करू.

३० मार्च, पाडवा
वसंताभाऊ घरी आले. सोबत चार माणसं अन् पेढे. म्हणे, आमचा पोरगा अंकित तयार आहे, पोरीच्या वडलांची गाठ घालून द्या. मी प्रेमानं समजावलं का अंजूचे वडील पान ७ वरच वारले. मग वसंताभाऊ म्हणे, साहेब, पुस्तकात तर लिहिलं आहे, वडील शिक्षक, बैहर. अन् त्यानं ८४ पान माझ्यासमोर धरलं.
कुमारी खुशी. वय २५. कद ५-४. रंग गेहुँआ. सारं हिंदीत. खाली लिहिलेलं, संपर्क: मागच्या कव्हरवरचा मोबाईल.
पुढची-मागची पानं चाळली. ८१ ते ९६, सारे पोरापोरींचे बायोडाटा! पान ८० वर विवेक घाटात जीप थांबवून म्हणते, अंजू, मले तुले काही सांगायचं आहे. पान ८१ वर कोणी मोहित, गोत्र, शिक्षण, चार एकर, दोन बोअर. अन् पान ९७ वर लग्न होऊन अंजू चहा ठेवून राह्यली!

त्याच दिवशी, दुपारी
धर्मेंद्र म्हणे, फर्मा बदलला भाऊ, दोन्हीवर पान नंबर सारखेच होते. माझी सोळा पानं परिचय पुस्तिकेत गेली. समाजाचे अध्यक्ष दोनदा येऊन गेले म्हणे, का हा इतका लांब बायोडाटा कोणत्या उमेदवाराचा आहे.
पुस्तकं वाटून अठरा दिवस झाले. एकाही माणसानं म्हटलं नाही, का भाऊ, मधात हे काय आहे. अन् प्रेमलालले 'सारीच' आवडली होती.

३१ मार्च
साधनानं पुस्तक संपवलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारं एकच माणूस, अन् ते माझ्या घरातलं.
म्हणे, चांगली आहे, खरी वाटते. मी घाबरत विचारलं, मधली ती सोळा पानं? म्हणे, हौ, बायोडाटा ना, वाचले सारे. विचारलं, काही चुकल्यासारखं नाही वाटलं? म्हणे, त्यात काय चुकलं? आधी कोणी कोणाले ओळखत नाही, मग बायोडाटा येते, मग बाई चहा ठेवते. आपलं असंच तर झालतं. तुम्ही कधी काय बोलले?
रागानं नाही म्हणाली. भेंडी चिरता चिरता म्हणाली. म्हणूनच लागलं.

१ एप्रिल, सकाळ
वसंताभाऊचा फोन. धर्मेंद्रकडून पत्ता काढून बैहरले जाऊन आले. खुशीचं अन् अंकितचं जुळलं. पत्रिकेत माझं नाव टाकतो म्हणे, सोयरिक जुळवणारे. पत्रिका धर्मेंद्रकडंच छापायले टाकली आहे.

१ एप्रिल, संध्याकाळ
धर्मेंद्रकडून परिचय पुस्तिका आणली. साधनाले समोर बसवलं. म्हटलं, गोष्टीतली सोळा पानं राहून गेली, ऐक. पान ८१ काढलं. वाचत गेलो. विवेक म्हणते, कोणती वस्तू हातात घ्यायच्या आधी तू पदराले हात पुसते, ते मी रोज पाहतो. तू मेथी निवडताना गुणगुणते, ते मी दरवाज्यामागं उभा राहून ऐकतो. हे तुले सांगायचं होतं, पण जीभच उचलत नाही.
साधनानं आपल्या हाताकडं पाह्यलं. कितीतरी वेळ पाह्यलं. मग म्हणे, हे तो कोणाले म्हणून राह्यला?
एकच शब्द बोलायचा होता. तुले. मी म्हटलं, अंजूले. अजून कोणाले?
म्हणे, बरं. अन् कुकर उतरवायले गेली.
लाज वाटते स्वतःची. एकशे साठ पानं लिहिली, अन् एक शब्द तोंडानं बोलायची वेळ आली तं अंजू निघाली! दीड पान झालं होतं. साडेचौदा राहिली.
पुस्तिका फ्रिजवर ठेवून दिली. उद्यापासून रोज फिरायले जाणे.