आडवं आलेलं जनावर

अंबाजोगाई
१९ मार्च २०२५

दादा,

तेजूचा नमस्कार. पाच वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील, मग गोठ्यात नेऊन वाचशील, हे मला इथून दिसतंय. पत्र कुणाच्या हाती आलं ते तुला कळलंच असेल. त्याबद्दल पुढे लिहिते. फोन मुद्दामच केला नाही. पूर्वी फोनवर तू नुसतं "हां" म्हणायचास आणि मग माझं डोकं फिरायचं. कागदावर निदान मला शेवटपर्यंत बोलता येईल.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा इथे चालू आहे. कालचा पेपर बरा गेला, एक गणित मात्र सोडून यावं लागलं. घाटनांदूर इथून हाकेच्या अंतरावर, तरी घरी आले नाही. आईला अभ्यासाचं कारण सांगितलंय. तिला ते पटलं, तुला पटणार नाही.

अप्पांनी गावभर सांगितलं असेलच, की सत्तावीस तारखेला मला एका विमान कंपनीने मुलाखतीला बोलावलंय. त्यांना उड्डाणाचे तास हवेत आणि पदवीही हवी. तास भरावेत म्हणून मी फ्लाइंग स्कूलमध्ये पोरापोरींना विमान शिकवते आणि पदवीसाठी इथल्या कॉलेजात नाव घातलंय. दोन्हींच्या मध्ये सात तासांची एसटी. अप्पा लोकांना सांगतात, आमची पोरगी शिकते बी आन् शिकवते बी. ऐकायला झकास वाटतं. ती झोपते कधी, हे मात्र आजवर कुणी विचारलं नाही आणि मीही होऊन सांगितलं नाही.

माझी एक विद्यार्थिनी आहे, धनश्री. एकोणीस वर्षांची, लई चिवट. मागच्या आठवड्यात ती पहिल्यांदा एकटीने विमान उडवणार होती. तिच्या घरच्यांनी पेढे सांगून ठेवले होते. ते उड्डाण पुढे ढकललं गेलं, कारण तिच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा मारला: "प्रसंगावधान कमी." तेव्हापासून ती जेवणाच्या सुट्टीत खुर्चीवर बसून, हातात ताटली धरून, विमान वळवायचा सराव करते. परवा मला म्हणाली, "मॅडम, माझ्याच्यानं होणार नसेल तर आत्ताच सांगा."

एवढं लिहून झालं आणि मूळ गोष्टीला अजून हात घातला नाही. आता घालते.

दहा तारखेची गोष्ट. आदल्या दिवशी इथे प्रॅक्टिकल होतं. ते देऊन रात्रीची एसटी धरली, सीटवर बसून जर्नल पूर्ण केलं आणि सकाळी परस्पर विमानतळावर उतरले. उड्डाणाआधी आम्हाला नळीत फुंकायला लावून दारू तपासतात. झोप तपासायची नळी अजून कुणी काढलेली नाही. त्यासाठी फक्त एक रजिस्टर असतं. त्यात मी "आठ तास विश्रांती" असं लिहिलं, सही केली आणि धनश्रीला घेऊन वर गेले.

आता आमची एक रीत तुला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. विमानात दोघांसमोर दोन सुकाणू असतात. सोडणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "यू हॅव कंट्रोल्स." घेणाऱ्याने म्हणायचं, "आय हॅव कंट्रोल्स." हे उत्तर आल्याशिवाय पहिल्याने हात काढायचा नाही. विमान एक क्षणही बेवारशी राहू नये म्हणून ही रीत. दिवसातून शंभरदा हे बोलून ते जिभेला इतकं बसतं, की समोरचं वाक्य ऐकलं की उत्तर आपोआप येतं.

चार हजार फुटांवर, कोवळं ऊन अंगावर घेत, मला झोप लागली. काळा चष्मा होता, धनश्रीला दिसलं नाही. तिने वळण पूर्ण केलं आणि म्हणाली, "यू हॅव कंट्रोल्स." मी झोपेतच उत्तर दिलं, "आय हॅव कंट्रोल्स." तिने शिकवल्याप्रमाणे हात काढून मांडीवर ठेवले.

दादा, त्यानंतर जवळजवळ मिनिटभर ते विमान कुणीच चालवत नव्हतं.

डाव्या गालावरचं ऊन सरकून उजव्या गालावर आलं, त्याने मला जाग आली. विमान डाव्या अंगाला कलत गोल फिरत खाली निघालं होतं. उंचीचा काटा एकोणतीसशे फुटांवर आला होता आणि खालची विहीर क्षणाक्षणाला मोठी होत होती. मी सावरलं. हात सवयीने काम करत होते. धनश्रीने घाबरून विचारलं, "मॅडम, तुम्ही माझी परीक्षा घेत होता का?" मी म्हणाले, "हो. आणि तू नापास झालीस." आणि जमिनीवर उतरल्यावर तो शेराही लिहिला.

कुणाला काही कळलं नाही. कळणारही नव्हतं.

आता तुला गेवराईच्या रस्त्यावरचा तो अपघात आठवला असेल. मला तर दहा तारखेपासून दुसरं काही आठवत नाही. पिकअपमध्ये सरकीची पोती, शेजारी आपल्या गावचा तानाजी, आणि गाडी चालवणारा तू दोन रात्रींचा जागा. तानाजी जागच्या जागी गेला. ठाण्यात जबाब मी लिहिला, कारण घरात माझं अक्षर चांगलं. "समोरून जनावर आडवं आल्याने" अशी सुरुवात केली होती. अप्पा, वकील, सगळे सही कर म्हणत होते. डोक्याला पट्टी बांधलेला तू म्हणालास, "जनावर न्हवतं, तेजे. मला डुलकी लागलती."

तू नऊ महिने आत गेलास. मी तुला भेटायला आले नाही, की सुटल्यावर बोलले नाही. तू स्वतःला फार मोठा खरा समजतोस, घराची अब्रू घालवलीस, माझ्या वाटेत काटे पेरलेस, असं मी आईला तुझ्या देखत म्हणाले. ते तुझ्या काळजाला लागावं म्हणूनच म्हणाले होते. मला त्याची लाज वाटते. आधी वाटत नव्हती, आता वाटते.

काल पेपर सुटल्यावर सरकारी दवाखान्याच्या दारात भिवराबाई भेटल्या, तानाजीची आई. डोळा दाखवायला आल्या होत्या. मी तोंड चुकवणार होते, पण त्यांनीच हाक मारली आणि शेजारी बसवून घेतलं. तू रोज दूध घालतोस, उंबऱ्यात बसून चहा पितोस, असं सहज सांगत होत्या. मला राहवलं नाही. विचारलं, मावशी, तुम्ही त्याला घरात कशा येऊ देता? त्यांनी दवाखान्याच्या चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाल्या, "तुजा भाऊ खरं बोलला म्हून माजं लेकरू कशानं गेलं ते मला कळलं. न्हाईतर जल्मभर मी त्या जनावरालाच शिव्या देत बसले असते."

दादा, माझ्या या वेळच्या जबाबातलं जनावर म्हणजे धनश्री आहे. तिच्यावर ढकलून मी मोकळी झाले होते.

आज सकाळी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती रागावेल, रडेल, असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते?" तेवढ्याने मी रस्त्यावर उभी राहून रडले.

मग मुख्य प्रशिक्षकांना लेखी कळवलं: रजिस्टरातली खोटी झोप, ते मिनिट, तो शेरा. शेरा रद्द करावा अशी विनंतीही केली. माझं शिकवणं आजपासून बंद झालंय, चौकशी होईल. विमान कंपनीलाही तेच लिहिलंय. सत्तावीस तारीख आता राहील असं वाटत नाही. अप्पांना अजून सांगितलेलं नाही. मला भीती वाटते, दादा. तुझी तेव्हाची भीती तू कशी निभावलीस, कुणाजवळ बोललास, हे मी कधी विचारलंच नाही.

शनिवारी दुपारी एक वाजता माझा शेवटचा पेपर सुटेल. कॉलेजच्या फाटकापाशी येशील? नाही आलास तरी मी पुढच्या एसटीने घरी येईन आणि आधी गोठ्यात येईन, मग घरात.

डोळ्याच्या तपासणीसाठी राहिलेल्या भिवरामावशी आज गावी परतताहेत. पत्र त्यांच्याच हाती देते. त्यांना वाचता येत नाही, तर तू त्यांना वाचून दाखव, सगळं. त्यांनी विचारलं तर सांग, पोरीनं सही केली आणि तिच्या कागदात जनावर नाही.

तुला ठाण्यात एकटं सोडून गेलेली,
तुझी धाकटी बहीण
तेजू